तपकिरी असतं तर?

चि. दोस्ता,

अनेक आशीर्वाद. रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. एवढा लांब मेसेज पावणेदोनला कुणी लिहीत असेल तर त्याला झोप लागत नाहीये, इतकं मला कळतं. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर तू 'हो काका, हो काका' करतोस आणि विषय बदलतोस.

चाळीस यार्डांवर हरणाची पांढरीशुभ्र मादी उभी. खिशात मादी मारायचं परमिट. उजेड भरपूर, मागे मातीचा चढ, म्हणजे गोळी सुटली तरी कुठे जाणार नाही. आणि तू चाप ओढला नाहीस. बरोबरचे दोघं म्हणाले, जन्मात एकदा मिळणारी संधी घालवलीस. लॅबमधली मैत्रीण म्हणाली, असलं हरीण मारायचा विचार तरी मनात कसा येतो. आई फोनवर म्हणाली, देवाचं असेल बाबा ते, बरं झालं. आणि तू मला विचारतोस, यांतलं कोण बरोबर.

कुणीच नाही. चौघंही रंगाबद्दल बोलतायत.

माझ्याकडे या बाबतीत एकच प्रश्न आहे. तो मी तुला पहिल्या दिवशी, तुझ्या हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाच्या, वर्गाहून परत येताना गाडीत सांगितला होता. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. प्रश्न असा: तेच हरीण तपकिरी असतं तर? तेच वय, तीच जागा, तोच वारा, तेच अंतर. तपकिरी असतं तर बार काढला असतास का? काढला असतास, तर पांढऱ्यावर काढायला हरकत नाही. सोडलं असतंस, तर पांढरं आहे म्हणून मारायचं नाही. झालं. यात देव नाही, जनुकं नाहीत, फोटो नाही.

आता तू म्हणशील, काका, कायदा काय म्हणतो? आपल्या न्यूयॉर्कमध्ये रंगाची आडकाठी नाही. विस्कॉन्सिनमध्ये आहे, इलिनॉयमध्ये आहे, आयोवा आणि टेनेसीतही आहे. विस्कॉन्सिनचा नियम तर बघण्यासारखा. डोकं, खूर आणि मागच्या पायांवरच्या गंधग्रंथींजवळचे केस सोडून सगळं अंग पांढरं असेल तर हात लावायचा नाही. अंगावर इतरत्र तपकिरी ठिपका असला की चालतं. म्हणजे पहाटेच्या अर्धवट उजेडात माणसाने दुर्बिणीतून ठिपके शोधत बसायचं. जिथे कायदा आहे तिथे तो पाळायचा, त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस. पण कायदा नाही तिथे तुझं डोकं तुला वापरावं लागणार.

तुझ्या बरोबरच्यांनी दुसरं एक कारण दिलं ना, की असली हरणं कळपातून काढून टाकायला हवीत, रक्त खराब होतं? हे ऐकून तू गप्प बसलास याचा मला खरंच राग आला. तू सांगलीहून इथाकाला दुग्धशास्त्र शिकायला आलास, पैदाशीची गणितं तुझ्या रोजच्या वहीत असतात, आणि हे मी, पंपांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने, तुला सांगायचं? पांढरेपणाचं जनुक अप्रभावी असतं. आईबापा दोघांकडून आलं तरच अंगावर दिसतं. दहा हजारांत एक हरीण पांढरं आहे असं धर. वर्गमूळ काढ. त्या दहा हजारांत ते जनुक लपवून हिंडणारी तपकिरी हरणं दोनशेच्या घरात निघतात. एक पांढरं मारून तू कळप 'शुद्ध' केलास म्हणे, आणि दोनशे तुझ्या समोरून शेपटी उडवत गेली. हे कारण नव्हे. भिंतीवर टांगायची हौस असते, तिला घातलेला कोट आहे तो.

तिच्या डोळ्यांबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. काळे डोळे म्हणजे अल्बिनो, अंगात रंगद्रव्यच तयार न होणारं जनावर, नव्हे; अल्बिनोचे गुलाबी असतात. तू जिथे बसला होतास तिथून सेनेका डेपो फार लांब नाही, तेव्हा ती तिथल्याच वंशातली असायची शक्यता आहे. ती गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. १९४१ मध्ये सेनेका आणि कायुगा या दोन तळ्यांच्या मधल्या पट्ट्यात सैन्याने दारूगोळ्याचं कोठार उभारलं आणि भोवती २४ मैलांचं कुंपण घातलं. जी हरणं आत होती ती आतच राहिली. १९४९ च्या सुमारास त्यांत पांढरी दिसायला लागली आणि तिथल्या कमांडरने हुकूम काढला, पांढऱ्यांवर बार टाकायचा नाही. सैनिक तपकिरी मारत राहिले, पांढरी वाढत राहिली. पुढे तो आकडा दोनशेच्या वर गेला. कोठार २००० मध्ये बंद झालं. मी इथे नवीन असताना रविवारी त्या कुंपणाच्या कडेने गाडी हळू चालवायचो. मागे बायको, मांडीवर मुलगी. जाळीपलीकडे गवताने झाकलेली दारूगोळ्याची कोठारं आणि त्यांच्यामध्ये चरणारी पांढरी हरणं. सुंदर दिसायची, खोटं कशाला बोलू? पण तो निसर्ग नव्हे, बाबा. माणसाने रंग बघून कुणाला मारायचं नि कुणाला ठेवायचं हे ठरवलं, त्याचं ते पीक.

आणि मारण्यानेच वाटोळं होतं असंही नाही. रेवाचा मोहन आठव. १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंहांनी पकडलेला पांढरा वाघाचा बच्चा. त्याच्या पहिल्या जोडीला साधेच बच्चे झाले. मग त्याला त्याच्याच मुलीबरोबर, राधाबरोबर, ठेवलं, तेव्हा कुठे १९५८ मध्ये पांढरे झाले. रंगाचं कौतुक केलं, जपलं, आणि बापलेकीची वीण लावली. त्या वंशाचे तिरळे डोळे आजही प्राणिसंग्रहालयात बघायला मिळतात. रंगावर प्रेम करणारा आणि रंगासाठी मारणारा, या दोघांत मला फारसं अंतर दिसत नाही. दोघांनाही जनावर दिसत नाही.

हे सगळं मी इतकं ठासून का सांगतोय, ते आता सांगतो. तुला अर्धंच माहीत आहे.

१९९८. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सरला की इथे बंदुकीचा मोसम सुरू होतो. माझा तो तिसरा मोसम. शेजारच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या कडेला ट्री स्टँडवर, झाडाला बांधलेल्या उंच बैठकीवर, बसलो होतो. पहिल्या तासात दोन पाडसं समोरून गेली, सहा महिन्यांची, चांगली भरलेली. मी सोडली. लहान आहेत, म्हटलं, अजून दिवस पडलाय. मग एक मादी आली, आणि तिच्या मागे तिचं पाडस. बांडं. तुझ्याकडे गोठा आहे, तुला बांडं म्हणजे काय हे सांगायला नको. तोंड पांढरं, पोट पांढरं, पाठीवर नकाशासारखे दोनच तपकिरी डाग. मघाच्या दोघांपेक्षा लहान. पण माझं काळीज असं उडायला लागलं की स्टँडची साखळी वाजते की काय असं वाटलं. मी बार काढला.

मादी पळाली नाही लगेच. वीसेक पावलं जाऊन उभी राहिली आणि मागे वळून बघत राहिली. मी खाली उतरेपर्यंत ती तिथेच होती.

पोट साफ करायला बसलो तेव्हा कळलं. पाय आखूड. खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर मागे. मणका मध्येच वळलेला, बोट फिरवलं की लागायचा. बांड्या हरणांत हे दोष बऱ्याचदा एकत्र येतात, हे मी नंतर वाचलं. चरबी जवळजवळ नाही. सुरीच्या पात्याला पांढरे केस चिकटत होते आणि ते मी विजारीला पुसत होतो. त्या मोसमाचं माझं मादीचं परमिट त्याच्यात गेलं. मांस निघालं ते दोन वेळच्या रश्शाला पुरलं. त्या वर्षी आमचा फ्रीजर फेब्रुवारीतच रिकामा झाला.

पुढची कितीतरी वर्षं मी लोकांना सांगायचो, अधू होतं बिचारं, हिवाळा काढला नसता, मी सोडवलं त्याला. चांगली गोष्ट होती, पाहुण्यांना पटायची. पण चाप ओढताना मला ना जबडा दिसला होता ना मणका. मला पांढरा रंग दिसला होता. तपकिरी असतं तर? तपकिरी असतं तर मी ते सोडलं असतं. तासाभरापूर्वी त्याच्यापेक्षा मोठी दोन सोडलीच होती की! याहून स्वच्छ उत्तर कुणाला मिळतं?

आता तू हुशार आहेस, म्हणून मला कोंडीत पकडशील. म्हणशील, काका, तुमच्याच प्रश्नाने बघितलं तर माझी मादी पूर्ण वाढलेली होती, परमिट होतं, तपकिरी असती तर मी मारलीच असती. मग मी न मारणं हीसुद्धा रंगाचीच गोष्ट झाली ना?

झाली. आणि हे उत्तर मला आवडत नाही, तरी देतो. २०११ मध्ये मीही हेच केलंय. आठ टोकांच्या शिंगांचा पांढरा नर, ओढ्यापलीकडे, आडवा उभा, तीस यार्ड. तपकिरी असता तर मी क्षणभर थांबलो नसतो. मी बंदूक खाली केली. पुढच्या मंगळवारी तो शेजाऱ्याने मारला, खाल्ला, आणि मलाही खिमा आणून दिला. माझ्या नियमाने शेजारी बरोबर आणि मी चूक. बायकोने हे तेव्हाच तोंडावर सांगितलं.

पण ऐक. काळीज पुन्हा तसंच उडत होतं, १९९८ सारखं. आणि ते उडायला लागलं की माझ्या प्रश्नाला मी खरं उत्तर देतोय की हवं ते, हे मला कळत नाही. शांत असलास तर विचार, तपकिरी असतं तर. छाती धडधडत असेल तर विचारूच नकोस, बंदूक खाली कर. ते हरणावर उपकार म्हणून नाही. मला माझा हात माहीत आहे म्हणून. यात पळवाट आहे असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मी तेरा वर्षं त्याच पळवाटेत बसून विचार केला होता, तुझे अजून तीन आठवडेही झाले नाहीत.

तेव्हा तू भित्रा आहेस का, हा तुझा प्रश्न मी घेतच नाही. तुला फक्त एवढं विचारतो: त्या वेळी काळीज उडत होतं का? मेसेजमध्ये तू वारा लिहिलास, अंतर लिहिलंस, तिच्या पापण्या पांढऱ्या होत्या हेही लिहिलंस. हे मात्र लिहिलं नाहीस.

आणि त्या दोघांबरोबर पुन्हा जायचं असेल तर जा, माणसं वाईट नाहीत. फक्त ते फोटो काढायला लागले की तू ओढ्यावर हात धुवायला जा. आईला सांग, देवाबिवाचं काही नव्हतं, तिला उगाच हुरहूर नको. मैत्रिणीशी वाद घालू नकोस, तिला जेवायला बोलाव. तपकिरी हरणाचा रस्सा तिने खाल्ला आणि पांढऱ्यासाठी रडली, तर माझा प्रश्न तिलाही विचार. हसत विचार पण.

तुझं परमिट अजून शिल्लक आहे, मोसम संपायला आठ दिवस आहेत. शनिवारी पहाटे साडेचारला माझ्याकडे ये. सुरी आण, तुझी सुरी बोथट असते, धार मी लावून देईन. नारिंगी जॅकेट विसरू नकोस, मागच्या वेळी माझं जुनं घालून आरशात बघत बसला होतास.

परत आल्यावर तळघरात ते बांडं दाखवतो. दिवाणखान्यात त्याला कधी जागा मिळाली नाही, बॉयलरशेजारी उभं आहे. बायको त्याला 'तुझं सोन्याचं हरीण' म्हणते, पंचवटीची आठवण करून द्यायला. नीट बघ त्याच्याकडे. पाठ सरळ आहे, जबडा बरोबर बसलाय. भुसा भरणाऱ्याकडे साचे सरळ पाठीचेच होते, त्यामुळे पोटाखाली कातडं पुरलं नाही. तिथली शिवण हाताला लागते.

तुझा,
काका