चीनमध्ये एकच सण बघायचा असेल तर कोणता बघावा?

चिनी नववर्ष गाठायचं तुमच्या मनात आहे, पण तिथे ओळखीचं घर नसेल तर तो बेत सोडा. वसंतोत्सव (चिनी नववर्षाचंच चीनमधलं नाव) हा घरात बसून जेवायचा सण. त्या आठवड्यात अख्खा देश गावी निघतो, रेल्वेची तिकिटं मिळता मिळत नाहीत, मोठ्या शहरांतल्या छोट्या खानावळींना कुलूप. पाहुण्याच्या वाट्याला येतात लाल कंदील आणि रांगा. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही टाळा, तेव्हाही सगळा देश सुट्टीवर असतो.

मी नोकरीनिमित्त कुनमिंगला (नैऋत्य चीनमधल्या युन्नान प्रांताची राजधानी) राहिलोय, त्यामुळे माझं मत युन्नानच्या बाजूने झुकणारच. एप्रिलच्या मध्यावर युन्नानच्या दक्षिण टोकाला शीश्वांगबान्नाला जा. तिथल्या दाय लोकांचं नवं वर्ष साधारण १३ ते १५ एप्रिलला येतं. हे लोक थेरवादी बौद्ध (श्रीलंका-थायलंडमध्ये चालणारी बौद्ध शाखा), थाई-लाओंचे भाऊबंद. त्यांचं नवं वर्ष चिनी चांद्र पंचांगावर चालत नाही. आपल्याकडची मेष संक्रांत, पंजाबची बैसाखी आणि थायलंडचा सोंगक्रान याच सुमारास येतात, त्यामुळे तारीख फारशी हलत नाही आणि रजा आधीच टाकता येते.

तिथल्या जिंगहोंग शहरात लानत्सांग नदीवर (हीच पुढे मेकाँग होते) ड्रॅगन नौकांच्या शर्यती होतात, रात्री आकाशकंदील सोडतात आणि मग पाण्याचा दिवस उजाडतो. रस्त्यावर बादल्या, पाइप, पिचकाऱ्या, नुसता धुमाकूळ. मला मात्र सकाळी देवळात बुद्धमूर्तीला घातलेलं स्नान जास्त आवडलं. तिथे म्हाताऱ्या बायका डहाळी पाण्यात बुडवून तुमच्या खांद्यावर हलकेच शिंपडतात. हा आशीर्वाद असतो, तेव्हा अंग चोरू नका. भिक्षू, तान्ही मुलं आणि वृद्ध यांच्यावर पाणी उडवायचं नाही, आणि देवळात चपला बाहेर.

जवळच गानलानबा गावच्या दाय उद्यानात पर्यटकांसाठी हा पाण्याचा खेळ रोजच चालतो. फोटो झकास येतात, पण त्याला सण म्हणवत नाही.

कुनमिंगहून शीश्वांगबान्नाला रेल्वेने तीन-साडेतीन तासांत पोचता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या चीन-लाओस मार्गावरच तिथलं स्टेशन आहे. तिकीट पासपोर्टवर काढावं लागतं. शाकाहारी असाल तर अननसात शिजवलेला चिकट भात मागवा, पण भाजीत डुकराची चरबी नको हे आधीच बजावून सांगा. आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तिथे पैसेही बहुतेक फोननेच देतात.