दंडार आणि रेला एकाच रात्री?

प्रश्न : नवेगावबांधच्या तळ्याकाठी आमचे मंडळ शनिवार-रविवारी लोककलांचे शिबिर भरवणार आहे. दंडार हे लोकनाट्य आणि रेला हे आदिवासी नृत्य एकाच रात्री ठेवावे का?

उत्तर : कृपया ठेवू नका. दंडार ही झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीच्या सुमारास रंगणारी, स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच रंगवतात अशी कला आहे. ती घाईने उरकली तर तिचा जीवच जातो. रेला मात्र नुसते पाहण्याचे नव्हे, तर सामील होण्याचे नृत्य आहे : शेजाऱ्याच्या कमरेभोवती हात गुंफून गोल धरायचा, ‘रे रेला’ हे पालुपद उचलायचे, की पाय हळूहळू एका ठेक्यात पडू लागतात. त्यामुळे शनिवारची रात्र दंडारीला द्यावी आणि रविवारी सकाळी रेला ठेवावा. ध्वनिवर्धकाचे तोंड तेवढे तळ्याकडे नको. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात.