कारचे टायर बदलायचे आहेत, दुकानात नेमकं काय बघून घ्यायचे?

आधी साइज, मग बनवल्याची तारीख आणि त्यानंतर कंपनी, याच क्रमाने बघा. साइज जुन्या टायरवरून उतरवू नका, आधी कुणीतरी वेगळी बसवलेली असू शकते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये ती मिळते. उदा. 185/65 आर15 88एच: रुंदी 185 मिमी, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंची. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो भार, एच म्हणजे ताशी 210 किमीपर्यंतचा वेग. हे शेवटचे दोन गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नका, दुकानदार कितीही "चालतं हो" म्हणाला तरी.

तारखेसाठी 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: 3224 म्हणजे 2024 चा 32वा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच बघा. ती बाजू आत गेली की दिसत नाहीत. टायर नुसता पडून राहिला तरी रबर कडक होतं आणि पावसात पकड सुटते. त्यामुळे घसघशीत सूट असेल तर तारीख दोनदा तपासा. वर्षभराच्या आतला असेल तर बिनधास्त घ्या.

चारही एकदम बदलायलाच हवेत असं मात्र नाही. झिजून खाचांची खोली 1.6 मिमीवर आली की टायर बाद. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं फार अवघड जातं.