मुलगी म्हणते कॉलेज सोडते आणि वॉटर पार्कातच नोकरी करते

नाशिकच्या सिडकोतल्या एका वडलांचं पत्र आलंय. अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर आहेत, वीसेक वर्षं झाली. मुलीने मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि सुट्टीत नाशिकजवळच्या एका वॉटर पार्कात कामाला गेली, लॉकरच्या काउंटरवर. जूनमध्ये घरी आली ती हेच ठरवून की आता कॉलेज नको, तिथले साहेब कायम करतो म्हणतायत, सुपरवायझर करू म्हणतायत. वडील लिहितात, "मॅडम, पोरीला शिकवतोय ते काय जत्रेतला पाळणा फिरवायला? पण खरं सांगू, ती एवढी खूश मी कधी बघितली नव्हती. रात्री जेवताना मला पंपाचं सांगत बसते. हे क्षेत्र तरी आहे का, की मे संपला की संपलं?"

दादा, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मे संपला की संपत नाही, पण तुमच्या लेकीने जे बघितलंय ते फक्त मे आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. मे महिन्यात गर्दी असते, गाणी चालू असतात, बरोबरीची पोरंपोरी असतात, दिवस कसा जातो कळत नाही, त्यात आयुष्यातला पहिला पगार हातात येतो. कुणीही प्रेमात पडेल. मी असते तरी पडले असते.

पण तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ती जेवताना पंपाचं सांगते. लॉकरवर बसवलेली मुलगी पंपाचं का सांगते? म्हणजे जेवणाच्या सुट्टीत ही बाकीच्या मुलींबरोबर रील काढत बसली नाही, मागे पंप हाऊसमध्ये जाऊन तिथल्या मेकॅनिकचं डोकं खात होती. तुमचीच लेक आहे, दुसरं काय.

आता जत्रेच्या पाळण्याचं. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत आकाशपाळणा उभा करणारी माणसं बघितलीयत ना, थोड्या दिवसांसाठी सगळा सांगाडा बोल्टवर उभा करायचा आणि परत उतरवून ट्रकमध्ये भरायचा, त्यांना मी तरी कमी लेखणार नाही. पण पार्क ही वेगळी गोष्ट आहे. पार्क म्हणजे तुमच्या कंपनीसारखीच एक कंपनी समजा, फरक एवढाच की मशीनमध्ये जॉबच्या, म्हणजे घडवायच्या भागाच्या, जागी माणूस बसलेला असतो, तोही बहुतेक वेळा कुणाचं तरी पोर. त्यामुळे रिजेक्शन, म्हणजे बिघडला तर बाजूला टाकला, हा शब्दच तिथे चालत नाही.

तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. एखाद्या कोस्टरच्या, म्हणजे रुळांवरून वरखाली पळणाऱ्या राइडच्या, गाडीत 24 माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते असं धरा, तर तासाला 720 माणसं बसून उतरतात. आता बेल्ट तपासताना, चपला-चष्मे काढायला लावताना प्रत्येक फेरीला फक्त अर्धा मिनिट जास्त गेला तर तोच आकडा 576 वर येतो, म्हणजे तासाला 144 माणसं रांगेत उन्हात तशीच उभी. हा तुमचा सायकल टाइमच झाला की, एका फेरीला लागणारा वेळ. आणि गंमत म्हणजे ऑपरेटरला घाईही करायची असते आणि तपासणीतला एक हातही कमी करायचा नसतो, हार्नेस, म्हणजे माणसाला सीटला धरून ठेवणारा पट्टा, प्रत्येकाचा ओढून बघायचा म्हणजे बघायचाच. कोस्टर वर चढताना कट कट कट आवाज येतो ना, लोकांना वाटतं घाबरवायला ठेवलाय, तर तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या खटक्याचा, असतो. हे तुम्ही एका क्षणात ओळखाल, इंजिनिअरिंगच्या पोरांनाही कधीकधी सांगावं लागतं.

रोज सकाळी गेट उघडायच्या आधी ट्रॅकवरून माणूस चालत जातो, बोल्ट बघतो, चाकं बघतो, मग गाडी रिकामी फिरवतात आणि कागदावर सही होते. कुणी आत दुरुस्तीला गेला तर पॅनलला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून जातो, चावी त्याच्याच खिशात. तुमच्याकडेही तेच असेल. आपल्या देशात या राइड्सच्या सुरक्षेसाठी आयएस 15475 नावाचं मानक आहे, मुलीला म्हणावं त्या साहेबांना सहज विचार, आपण हे पाळतो का आणि रोजचं चेकिंगचं रजिस्टर कुठे असतं. ते ज्या चेहऱ्याने उत्तर देतील त्यावरून जागा कशी आहे ते कळेल.

वॉटर पार्कात मशीनपेक्षा पाणी जास्त काम काढतं. आत सुती कपडे घालून येऊ देत नाहीत, नायलॉनचाच ड्रेस पाहिजे म्हणतात, आणि लोक काउंटरवर भांडतात की हे ड्रेस भाड्याने देऊन पैसे काढायचे धंदे आहेत. तोही भाग असेल, नाही म्हणत नाही, पण सुताचे तंतू सुटून फिल्टर चोक करतात हे खरं कारण. सँड फिल्टरमधून पाणी फिरत राहतं, फिल्टर घाण झाला की उलटं पाणी सोडून धुवायचा, क्लोरीन आणि पीएच (पाण्याचा आंबटपणा) दिवसातून कितीदा तरी तपासायचा कारण मे महिन्याचं ऊन क्लोरीन खाऊन टाकतं आणि वर हजार माणसांचा घाम. पाण्याला भसकन वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं, खरं तर तो वास क्लोरीनचा घामाशी-लघवीशी संयोग झाला की येतो, म्हणजे उलट पाण्याकडे लक्ष द्यायची वेळ आलेली असते. काठावर शिट्टी घेऊन उभा असलेला लाइफगार्ड आपल्याला रिकामा वाटतो, पण चांगल्या ट्रेनिंगमध्ये त्याला नियम शिकवतात की दहा सेकंदात आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा आणि पुढच्या वीस सेकंदात माणसापर्यंत पोचायचं. तासन्‌तास असं बघणं जमत नाही कुणाला, म्हणून त्यांच्या जागा थोड्या थोड्या वेळाने बदलत ठेवतात. जिथे एकच पोरगा सकाळपासून एकाच खुर्चीवर दिसतो ती जागा मला आवडत नाही.

आता वर्षाचं गणित, ज्यासाठी एवढं लिहिलं. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की गर्दी एकदम बसते. सुट्टीपुरती घेतलेली पोरं कमी होतात, बरीचशी गावाकडची असतात ती पेरणीला निघून जातात. गाणी बंद. आणि मग मागे मेंटेनन्सला असणाऱ्या माणसांचा खरा सीझन सुरू होतो. राइड खोलतात, बेअरिंग बदलतात, वेल्डिंगच्या जोडावर लाल डाय मारून पुसतात आणि वर पांढरा डेव्हलपर मारला की जिथे केसाएवढी चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. घसरगुंड्यांचे जोड आतून हाताने चाचपून बघतात, कुठे कड वर आलीय का, कारण त्याच कडेने पुढच्या मे मध्ये कुणाची तरी पाठ सोलून निघणार असते. तुमच्या शटडाऊनसारखंच, फक्त लांबलचक आणि चिखलात. मग दिवाळीची सुट्टी, पुन्हा गर्दी. त्यानंतर सहलींचा सीझन, बसच्या बस भरून शाळा येतात, सर-मॅडम पोरं मोजतायत, आणि सगळ्यांना जेवण साडेबारालाच पाहिजे. पण तेव्हा निफाडचा पारा घसरलेला असतो, आपल्याकडे थंडीत पाण्यात उतरायची हिंमत कमीच, त्यामुळे ज्यांच्याकडे कोरड्या राइड्स आहेत त्यांची चांदी आणि नुसतं पाणी असलेल्यांची पंचाईत. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, सगळं थंड, तेव्हा नवीन पोरांचं ट्रेनिंग आणि रंगरंगोटी. एप्रिलमध्ये परत सुरू.

हे सगळं चक्र तुमच्या मुलीने एकदा तरी बघायला पाहिजे, आणि मी तिला हेच सांगेन की आत्ता, पावसात, एक महिना जा. लॉकरवर नको, मेंटेनन्सला. डिप्लोमाला इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतंच, कॉलेजमध्ये विचारा ते अशा ठिकाणी करायला परवानगी मिळते का, प्राचार्यांना पत्र कसं लिहायचं ते मी सांगते. ऑगस्टमध्ये गुडघाभर पाण्यात पंपाचं सील बदलूनही ती रात्री जेवताना तेवढ्याच उत्साहात बोलत असेल तर मग तिला अडवू नका, ते तिचंच काम आहे. आणि नाही बोलली तर महिनाभरातच कळेल की आवड मे महिन्याची होती, कॉलेज तर कुठे गेलेलं नाही.

डिप्लोमा सोडायचा नाही, यावर मी हटून बसणार. सुपरवायझर शब्दाने हुरळून जाऊ नका. त्या साहेबांना विचारा की नेमणुकीचं पत्र कुणाच्या नावाचं, पार्कच्या की ठेकेदाराच्या, पीएफ कापणार का, आणि जुलै-ऑगस्टचा पगार पूर्ण की हजेरीवर. हे तीन प्रश्न विचारले की निम्म्या वेळा "कायम" हा शब्द हळूच गायब होतो. डिप्लोमाशिवाय घेतलेली सुपरवायझर गर्दी सांभाळते, आणि गर्दी ओसरली की तीच पहिली घरी बसते. पाना धरणारा माणूस पावसाळ्यात लागतोच लागतो. एवढा एकच फरक तिला समजावून सांगा, बाकी तिचं तिला कळेल.

डिप्लोमा झाला की सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेतून वर्षभर स्टायपेंडवर काम करता येतं. मोठे पार्क लांब नाहीत, माळपाणी ग्रुप तर आपल्या शेजारच्या संगमनेरचा, शिर्डीला आणि लोणावळ्याला त्यांचे वेट अँड जॉय पार्क आहेत, आणि खोपोलीचं 2013 ला सुरू झालेलं इमॅजिका 2022 मध्ये त्यांनीच घेतलं. तिथल्या नायट्रोसारखं कोस्टर स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेलं, त्याचं मॅन्युअल इंग्रजीत असतं, म्हणून तिला आतापासून टेक्निकल इंग्रजी वाचायची सवय लावा, बोलता नाही आलं तरी चालेल. हैदराबाद, बंगळुरू, कोचीला वंडरला आहे. आणि हो, दुसरी बाजूही सांगते, 1989 पासून चालू असलेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झालं, आपल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या सहलीच तिथल्या. पार्क बंद पडू शकतं.

म्हणूनच मी पाना-पक्कडीच्या बाजूने बोलतेय. रोप (तारेचा दोर), ब्रेक, गिअरबॉक्स, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सेफ्टी इंटरलॉक (धोका असेल तर मशीन चालूच न होऊ देणारी सोय) एकदा हातात बसलं की ते पार्कापुरतं राहत नाही. तुम्ही सप्तशृंगी गडावर 2018 ला सुरू झालेल्या फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने रुळांवरून चढ ओढल्या जाणाऱ्या, ट्रॉलीत बसला असालच, तिथेही रोप आणि ब्रेकच बघायचे असतात. लिफ्ट, एस्कलेटर, रोपवे, सगळीकडे हीच विद्या. अगदी नाहीच जमलं तर अंबड आहेच, तुमच्याच शिफ्टला येईल.

मुलगी म्हणून काय, हेही तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंयत. पार्क संध्याकाळी बंद होतं पण मेंटेनन्स त्यानंतर सुरू होतो, हे खरं. रात्री घरी सोडायला गाडी आहे का, मेंटेनन्सच्या शेडजवळ बायकांसाठी टॉयलेट आहे का, हे आधी तुम्ही स्वतः जाऊन बघून या. पाहुण्यांच्या भागातलं चकाचक टॉयलेट नका बघू, मागचं बघा. बाकी रविवार, दिवाळी, मे, जेव्हा सगळं घर सुट्टीवर तेव्हा ही कामावर, याची तयारी तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त करावी लागेल. भाऊबीज दोन दिवस पुढे ढकलावी लागते कधीकधी, तुमच्या घरात चालेल का ते एकदा बोलून घ्या.

आणि पगार. सुरुवातीला अंबडपेक्षा फार वेगळा असेल अशी अपेक्षा ठेवू नका, माझ्याकडे आलेल्या पोरांचं तरी हेच म्हणणं आहे.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन या, पण त्याआधी एक करा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं मिळून त्या पंप हाऊसमध्ये जाऊन या. तुम्ही वीस वर्षांचे फिटर, दहा मिनिटांत तुम्हाला कळेल ते लोक मशीनची काळजी घेतात की नुसता रंग मारतात. आणि तिला कामाला पाठवलंत तर छत्री देऊ नका, रेनकोट आणि गमबूट द्या, छत्री धरली की पाना धरायला हात उरत नाही.