वाचक विचारतात: एकावर एक फ्री, पाचचा पुडा आणि चाळीतला कांदा

या वेळी पत्रं जास्त आली, जागा तेवढीच आहे, म्हणून पाचच घेतलीत. काहींना उत्तर लांब दिलंय काहींना दोन ओळीत, त्याबद्दल राग नको.

प्रश्न: आमचं गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीचं दुकान आहे. दुकानाला दोन वर्षं झाली म्हणून इन्स्टावर रील टाकली, रविवारी एकावर एक फ्री. आठलाच लाईन लागली, साडेदहाला रस्सा संपला, पाव संपले, निम्मे लोक शिव्या देत परत गेले. रेटिंग ४.५ चं ३.९ झालं. ४०० प्लेटा गेल्या म्हणजे फायदा तर झालाच असेल ना? प्लेट १०० ला आहे, माल धरून ३८ पडते, एरवी रविवारी १५० जातात.
– एक दुकानदार, नाशिक

उत्तर: दादा, हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. एरवीच्या रविवारी एका प्लेटमागे तुमच्या हातात ६२ उरतात, १५० प्लेटांचे झाले ९,३००. ऑफरच्या दिवशी दोन प्लेटा मिळून १०० आले आणि माल गेला ७६ चा, म्हणजे जोडीमागे उरले २४, अशा २०० जोड्या, झाले ४,८००. भाडं, पोरांचा पगार दोन्ही दिवशी सारखाच. म्हणजे अडीच पटीपेक्षा जास्त प्लेटा काढून, घाम गाळून तुम्ही नेहमीच्या निम्मेच कमावलेत, आणि वर जे काका दर रविवारी पेपर घेऊन तुमच्याकडे येऊन बसतात ते लाईन बघून दुसरीकडे गेले ते वेगळंच.

यात तुम्ही एकटे नाही बरं का. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीने जाहीर केलं की १०० पौंडांच्या वर खरेदी करा आणि दोन विमान तिकिटं फुकट घ्या, आधी युरोपची, मग अमेरिकेची. तिकीट क्लीनरपेक्षा कितीतरी महाग! कंपनीला वाटलं की फॉर्म भरण्याच्या कटकटीत लोक अर्ध्यात सोडून देतील. लोकांनी नाही सोडलं, घरात क्लीनर असताना नवीन घेतले, फक्त तिकिटासाठी, आणि ते सेकंड हँड विकून टाकले. कंपनीला जवळजवळ ५ कोटी पौंडांचा खड्डा पडला, कोर्टकचेऱ्या कित्येक वर्षं चालल्या आणि १९९५ मध्ये युरोपातला धंदाच विकावा लागला. माणसं ऑफर घेणारच नाहीत असं धरून ऑफर काढली हीच खरी चूक, आणि मला ती नुसती आकडेमोडीची चूक वाटत नाही, देतो म्हणून सांगायचं आणि घ्यायला कोणी येऊ नये अशी मनातून इच्छा धरायची, हे गिऱ्हाईकाशी खोटं वागणं झालं. तुमच्या मनात तसं नव्हतं हे पत्रावरून कळतंय, तुम्ही मोजायचं विसरलात एवढंच.

पुढच्या वेळी रीलमध्येच आकडा सांगा, पहिल्या १०० प्लेटा, आणि दारात नंबरचं कूपन द्या म्हणजे १०१ व्या माणसाला उगाच तासभर उभं राहावं लागत नाही. दिवस मंगळवार-बुधवारचा घ्या. फुकट द्यायचं ते ताक द्या, एक जिलेबी द्या, अख्खी प्लेट नको. आणि ज्यांनी वाईट रिव्ह्यू लिहिलेत त्या प्रत्येकाच्या खाली स्वतः लिहा, चूक आमची, या, एक प्लेट आमच्याकडून. वाद घालू नका, "तुम्ही उशिरा आलात" तर अजिबातच लिहू नका. तीस-चाळीस माणसं असतील, तेवढ्या प्लेटा तुम्हाला परवडतील.

प्रश्न: २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला तेव्हा बिस्किटाच्या पाचच्या पुड्यावर ४ रुपये ४५ पैसे किंमत दिसली, दुकानदाराने पाचच घेतले आणि वर चॉकलेटची गोळी दिली. आता परत पाचचाच पुडा मिळतोय. मग आम्हाला काय मिळालं?
– एक गृहिणी, सिडको

उत्तर: ताई, ४.४५ कुठून आले ते आधी सांगते. बिस्किटावर १८ टक्के टॅक्स होता तो ५ झाला. पाच रुपयात धरलेला १८ टक्के टॅक्स बाजूला काढला (५ ला १.१८ ने भागलं) की मूळ किंमत साधारण ४.२४ निघते, त्यावर ५ टक्के लावले की ४.४५. गणित बरोबर आहे, पण ५५ पैसे परत द्यायचे कसे, आठ आणे तरी कोणाच्या गल्ल्यात असतात का आता! म्हणून बऱ्याच कंपन्यांनी किंमत परत गोल केली आणि पुड्याचं वजन वाढवलं.

आता तुमच्या कामाचं. किंमत तीच ठेवून टॅक्सचा पूर्ण फायदा द्यायचा तर वजन जवळपास १२ टक्के वाढायला हवं, म्हणजे आधी ५० ग्रॅम असेल तर आता ५६. डब्यात जुना कागद सापडला तर नव्याशेजारी ठेवून निव्वळ वजन वाचा. आता पाकिटावर ग्रॅममागे किती रुपये पडतात तेही छापावं लागतं, अक्षर बारीक असतं पण असतं, मोठा पुडा खरंच स्वस्त पडतो का ते त्यावरून लगेच कळतं. छापील वजनापेक्षा माल कमी भरला तर वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, फोन करा, संकोच नको.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. टॅक्स वगैरे काही नसताना गेली कित्येक वर्षं पाचचे, दहाचे पुडे गुपचूप हलके होत आलेत, किंमत तीच, पाकीट तेवढंच फुगलेलं, आत माल कमी. वजन छापलेलं असतं म्हणून कायद्यात बसतं. पण मजुरीवरून घरी जाताना पोरांसाठी पाचचा पुडा घेणारी बाई मागचं बारीक अक्षर वाचणार नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं, आणि सगळा धंदा त्याच्यावर उभा असतो. दहा रुपये करायचे तर सांगून करा ना.

प्रश्न: रविवार कारंजाजवळ आमचं वडिलांपासूनचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. मुलगा एमबीए झालाय, म्हणतो पाटी बदलू, इंग्रजी नाव ठेवू, पिशव्या नव्या डिझाईनच्या करू. करू का?
– एक किराणा व्यापारी

उत्तर: पिशव्या करा, पाटी धुवून-रंगवून घ्या, नाव आणि रंग ठेवा. अमेरिकेत २००९ च्या जानेवारीत ट्रॉपिकाना ज्यूसने आपला जुना खोका बदलला, संत्र्यात स्ट्रॉ खोचलेलं चित्र काढून तिथे ज्यूसचा ग्लास आणला. आतला ज्यूस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री २० टक्क्यांच्या आसपास पडली, कारण दुकानात शेल्फवर लोकांना आपला ज्यूसच सापडेना, आणि कंपनीने निमूट जुना खोका परत आणला. तुमच्याकडे येणारी म्हातारी माणसं पाटी वाचत नाहीत, लांबून रंग ओळखतात. पण मुलाला नुसतं नाही म्हणू नका हं, त्याला व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि घरपोच सामानाचं काम द्या, त्यात त्याचं शिक्षण कामाला येईल.

प्रश्न: बीबीएला आहे. प्रोजेक्टसाठी भारतातला एक मार्केटिंगचा घोळ हवाय.

उत्तर: टाटांची नॅनो गाडी घे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीला गाडी दाखवली, मार्च २००९ ला बाजारात आणली, मध्ये कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरमधून गुजरातमधल्या साणंदला न्यावा लागला. कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांचा, आणि सगळ्यात चांगल्या वर्षात विक्री ७५ हजारांच्या आसपास. पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब बघून सुचलेली गाडी, हेतू इतका चांगला, पण नाव पडलं सगळ्यात स्वस्त गाडी. आपल्याकडे पहिली गाडी दारात आली की पेढे वाटतात, हार घालून काळाराम मंदिरापर्यंत नेतात, त्या माणसाला शेजाऱ्याने "लाखाची का?" असं विचारलेलं आवडेल का? स्वस्त म्हणून खपवायला नको होती असं रतन टाटांनीही नंतर बोलून दाखवलं. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या त्याचाही फटका बसला, ते प्रोजेक्टमध्ये सोडू नकोस.

प्रश्न: कांद्याचा भाव पडला की टीव्हीवर "सर्वसामान्यांना दिलासा" अशी बातमी येते. आम्ही सर्वसामान्य नाही का? आणि चाळीत (कांदा साठवायच्या छपरात) ठेवलेला उन्हाळ कांदा आता विकायला काढावा की थांबावं?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बिझनेसच्या बातम्या लिहिणाऱ्याला कांदा फक्त खाणाऱ्याच्या ताटातून दिसतो, लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट बघणारा दिसत नाही, मी स्वतः आधी असल्या हेडिंगा लिहिल्यात आणि आता लिहीत नाही.

गेल्या काही वर्षांचा क्रमच बघा. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, मग ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात पूर्ण बंद. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा हंगाम, तो टिकत नाही, चाळीत भरता येत नाही, काढला की विकावाच लागतो, आणि नेमकं तेव्हाच दार बंद. ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणाले होते, ती मुदतही वाढवली. ४ मे २०२४ ला उघडलं ते टनाला किमान ५५० डॉलर दर आणि वर ४० टक्के शुल्क अशा अटीवर. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं शून्य. दीड वर्षात इतक्या वेळा नियम बदलले तर बांगलादेशचा, श्रीलंकेचा, दुबईचा खरेदीदार काय करेल? तो पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे बघणार, आणि एकदा त्याची तिकडे घडी बसली की आपल्याकडे परत आणायला भाव पाडूनच द्यावा लागतो. दारात आलेलं गिऱ्हाईक माल असताना परत पाठवायचं, तेही पुन्हा पुन्हा. एखाद्या कंपनीने असं केलं असतं तर तिच्या साहेबाला घरी पाठवलं असतं, इथे मात्र किंमत मोजली ती शेतकऱ्याने.

थांबायचं का, यावर कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. मागच्या ऑगस्टमध्ये मी ओळखीच्यांच्या चाळीत गेले होते, वरून कांदा खणखणीत, खाली हात घातला तर बोटं ओली आणि तो आंबूस वास, बायका बसून सडका वेगळा करत होत्या, दिवसाची मजुरी वेगळी. भाव २०० रुपये वाढला तरी घट आणि सड धरून हातात काय उरतं ते क्विंटलवर मांडा, आता १०० क्विंटल असेल तर दोन महिन्यांनी किती भरेल ते तुमच्या मागच्या वर्षीच्या पावत्यांवरून कळेल. सगळा एका डावावर लावू नका, तीन-चार लॉट करा, औषधाचं आणि सोसायटीचं देणं भागेल एवढा आधी काढा. आणि उद्या सकाळी खालच्या थराला हात घालून बघा, ज्या कप्प्यात वास येतोय तो पहिल्या गाडीला घाला.