वारस नोंदीची घाई करू नका, आधी मृत्युपत्र हातात घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील बहात्तर वर्षांचे आहेत, बायपास झालेली आहे. नाशिकच्या इंदिरानगरचा फ्लॅट आणि दिंडोरी तालुक्यातली तीन एकर जमीन त्यांच्या नावावर आहे आणि धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. वडिलांनी साध्या कागदावर मृत्युपत्र लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय. आता आणखी काही करायला हवं का, ट्रस्ट करावा का, हा तुमचा प्रश्न. मी लॉकर हा शब्द वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण आमचं सगळं तिथूनच बिघडलं.

मी वकील नाही. अंबडला कारखान्यात नोकरी करतो. खालचं सगळं आमच्या अनुभवातलं आणि हिंदू कुटुंबापुरतं आहे, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

आमचं गाव निफाड तालुक्यात. चार एकर जमीन वडिलांनी १९९१ साली स्वतःच्या कमाईतून खरेदी केली, वडिलोपार्जित नव्हती. म्हणजे ती कोणाला द्यायची हे ठरवायचा पूर्ण अधिकार त्यांचा. त्यांनी लिहून ठेवलं: शेत धाकट्या भावाला, कारण कसतो तोच, घर आईला, ठेवी मला आणि बहिणीला. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, कोणाची तक्रार नव्हती. कागद लॉकरमध्ये. लॉकर एकट्या वडिलांच्या नावावर, नॉमिनी लावलेला नाही.

वडील २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेले. रामकुंडावर दहावा करून आलो आणि दुसऱ्या आठवड्यात बँकेत गेलो. तिथे तीन फेऱ्यांत तीन वेगवेगळ्या याद्या मिळाल्या. आधी मृत्यूचा दाखला, मग सगळ्या वारसांची संमती, मग न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र. ज्या कागदावरून वारस कोण ते ठरणार, तो कागद त्यांच्याच लॉकरमध्ये, आणि तो काढायला वारस ठरवून आणा म्हणतात. मी हे शांतपणे सांगितलं, चिडून सांगितलं, लेखी दिलं. उपयोग झाला नाही.

तोवर सप्टेंबर आला. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीच्या आधी हातात पैसा लागतो. गावच्या विकास सोसायटीचं कर्ज हवं तर सातबाऱ्यावर हयात माणसाचं नाव पाहिजे. महसुलाच्या कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, "आधी वारस नोंद करून घ्या, मृत्युपत्र सापडलं की दुरुस्ती होऊन जाते." आमचा विश्वास बसला. बाहेर टायपिंगवाल्याकडे वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना होता, त्यात नावं भरली. आई, आम्ही दोघे भाऊ, बहीण आणि वडिलांची आई, म्हणजे आमची आजी. मयताची आईसुद्धा पहिल्या वर्गातली, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची वारस असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. चौघांच्या सह्या झाल्या, आजीचा अंगठा झाला.

त्या नमुन्यात खालून तिसरी ओळ होती: "मयताने कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही." आम्ही ती वाचली नाही. पाचांपैकी एकानेही नाही.

नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. कर्जही मिळालं. नोव्हेंबरच्या शेवटी लॉकर उघडला आणि आम्ही मृत्युपत्र घेऊन त्याच कार्यालयात गेलो. आता उत्तर बदललं होतं. म्हणे नोंद प्रमाणित झालीय, आम्हाला बदलता येत नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते हे कोणी सांगितलं नाही. "पुढच्या आठवड्यात या" करत करत ती मुदत तिथेच गेली.

२०१९ मध्ये आजी वारली. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, म्हणून तिच्या हिश्श्याला चुलते आणि आत्या वारस म्हणून आले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर आमच्याच सह्यांचा कागद होता, मृत्युपत्र नाही असं सांगणारा. सातबाऱ्याच्या नोंदीने मालकी ठरत नाही, ती महसुलापुरती असते, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण ते दिवाणी दाव्यात सिद्ध करत बसावं लागतं. दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. दुसरे गावचे निवृत्त गुरुजी, ते काठी टेकत निफाडच्या न्यायालयात आले आणि "माझ्यासमोर सही केली" असं त्यांनी ठामपणे सांगितलं. ते नसते तर वडिलांचं आणि साक्षीदाराचं हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधत फिरावं लागलं असतं. आमचे वकील म्हणाले, जिंकाल, पण वरच्या कोर्टात किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. आईची तब्येत ढासळत होती. २०२१ मध्ये तडजोड केली आणि वीस गुंठे दिले. थॉमसन द्राक्षांचा चालू बाग होता तो. भाऊ अजूनही त्या बांधावरून जात नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. वडील हयात आहेत, तोवर ते मृत्युपत्र नोंदवून घ्या. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावरचंही चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीची फी अगदी किरकोळ आहे. मग खटाटोप कशासाठी, असं वडील विचारतील. यासाठी की नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत त्यांच्या पश्चात मृत्यूचा दाखला दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. एवढी एक गोष्ट आमच्याकडे असती तर बँकेच्या दारात उभं राहावंच लागलं नसतं. वडिलांना जिना चढवत नसेल तर निबंधक घरी येण्याचीही सोय असते, आधी अर्ज करून विचारा. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घ्या, की ते शुद्धीत आहेत आणि त्यांना सगळं समजतंय. साक्षीदार वडिलांपेक्षा तरुण बघा, नाशकातच राहणारे आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे. मूळ कागद लॉकरमध्ये नको. ठेवायचाच असेल तर लॉकर दोघांच्या नावावर करून नॉमिनी लावा. नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकामागून एक असे चार नॉमिनी लावता येतात.

जमिनीचा गट नंबर, क्षेत्र आणि फ्लॅटचा क्रमांक सातबारा व करारनाम्यात आहेत तसेच मृत्युपत्रात आले पाहिजेत. "दिंडोरीची जमीन" एवढं पुरत नाही. वडिलांची आई हयात आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर हे सगळं लवकर करा.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की सोसायटीत नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला. हे चूक आहे. महाराष्ट्रात हाउसिंग सोसायटीचा नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, फ्लॅट वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्या माणसाचाच राहतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

आता ट्रस्ट. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक मध्यमवर्गीय घरांना त्याची गरज नाही आणि ट्रस्ट करून देतो म्हणत फिरणाऱ्यांपासून लांब राहावं. तुमच्या घरी मात्र गरज आहे. भावाच्या नावावर थेट हिस्सा केला तर तो सांभाळायला आणि विकायला प्रत्येक वेळी पालकाचा प्रश्न येईल. मृत्युपत्रातच लिहिता येतं की अमुक रक्कम आणि फ्लॅट विश्वस्तांकडे राहील, त्यातून भावाचा खर्च चालेल, त्याच्या पश्चात ते अमक्याकडे जाईल. हा खासगी ट्रस्ट, १८८२ च्या कायद्याखालचा. धर्मादाय आयुक्तांशी त्याचा संबंध नाही. विश्वस्त एकच नको, आणि तुमच्यानंतर कोण तेही लिहा. शेतजमीन ट्रस्टमध्ये टाकण्याआधी शेतकरी असण्याची अट कुठे आड येते का ते वकिलांना विचारा.

आणखी एक गोष्ट. भाऊ अठरा वर्षांचा झाला तेव्हापासून कायद्याने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमून देते. तो अर्ज वडील हयात असतानाच करा.

त्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स मी जपून ठेवलीय. नावं झाकून इथे टाकतो, म्हणजे कोणी तसा नमुना पुढे केला तर ती तिसरी ओळ कुठे असते ते तुम्हाला दिसेल.