वारसाहक्काच्या कागदात ‘इश्यू’ म्हणजे काय?
म्हापशाच्या घराच्या कागदात आजोबांच्या भावाबद्दल ‘डाइड विदाउट इश्यू’ वाचून तुम्ही विचारलंय, हा कसला वाद? वाद नव्हे, संतती. मागे मूलबाळ न ठेवता वारले, एवढंच. कायद्याच्या इंग्रजीत ‘इश्यू’मध्ये मुलंच नाही, नातवंडं-पतवंडंही येतात. हा शब्द नीट समजून घ्याच, कारण गोव्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मृत्युपत्र करूनही ती सहसा दुसऱ्याला देता येत नाही.

मुलांसाठीचे बाकीचे इंग्रजी शब्दही पाहू. ‘चिल्ड्रन’ म्हणजे थेट मुलं, मग ती साठीची का असेनात. ‘ऑफस्प्रिंग’ माणसांना नि जनावरांनाही चालतो, अनेकवचनातही तसाच राहतो. ‘किड’ म्हणजे मुळात करडू. घरात ठीक, अर्जात नको. ‘अ यूथ’ म्हणजे बहुधा तरुण मुलगा, ‘द यूथ’ म्हणजे सगळी तरुणाई.